वर्णम् सुरू झालं की माझी चुळबूळ सुरू होते : शास्त्रीय नृत्यातला अभिनय बघायचा तरी कसा?

कोपऱ्यातली_खुर्ची (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. हा धागा भांडण लावायला काढलेला नाही, पण लागलंच तर माझी हरकत नाही.

शास्त्रीय नृत्य मी बरंच बघतो. बायको कथक शिकलेली, त्यामुळे घरचीच सक्ती आहे म्हणा ना. कथकचे तोडे, परण, तत्कार, भरतनाट्यममधली जती, तिल्लाना, अशा निव्वळ लयीच्या तुकड्यांत मी पूर्ण रमतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाय पडला की माझा हात आपोआप उचलला जातो. पण अभिनय सुरू झाला की माझं चित्त उडतं. वर्णम्, म्हणजे भरतनाट्यमच्या कार्यक्रमातली सर्वांत लांब रचना, पाऊण पाऊण तास चालतं आणि त्यात एक बाई सखीला सांगते की जा, त्याला घेऊन ये. पाऊण तास! तेही तेलुगूत नाहीतर तमिळमध्ये. ठुमरीतही तेच. वाट अडवली, घागर फुटली, मनगट धरलं.

माझं मत असं की नृत्त, म्हणजे निव्वळ लय आणि अंगाच्या रेषा, आजही ताजं आहे. अभिनय ज्या प्रेक्षकासाठी रचला तो प्रेक्षकच आता उरलेला नाही. भाषा येत नाही, पुराणातले संदर्भ अर्धेमुर्धे, आणि नायिकेची ती तगमग आपल्या जगण्यात कुठेच नाही. पटत नसेल तर सांगा, मी नेमकं बघायचं काय?

दिडकी
पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसले आहे.

अरमंडी
मी भरतनाट्यम शिकवते, त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

तुम्ही म्हणता ती "एकच गोष्ट पाऊण तास" हाच तर वर्णमचा डाव आहे. गायक एकच ओळ घोळवत असतो, पण नर्तकी पहिल्यांदाच फक्त शब्दाला हात लावते. "चंद्र" आला की चंद्र, "बाण" आला की बाण. त्यानंतर ती शब्द सोडून निघून जाते. त्याच ओळीवर ती मदनाच्या पाच फुलांपर्यंत जाते, पोपटाशी बोलते, मध्येच रागावते. याला आम्ही संचारी म्हणतो. गाणं जागच्या जागी आणि नाच मात्र कुठल्या कुठे, हे अंतर बघायचं. मध्ये मध्ये जती येतात, त्या तुमच्यासारख्यांना जागं ठेवायला (दिवे घ्या). उत्तरार्धात चरणमची ओळ आली की लय बदलते, तिथे लक्ष ठेवा.

आणि अभिनय म्हणजे फक्त चेहरा नव्हे. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक असे चार. अंगाने, शब्दाने, वेशाने, आणि आतून. भरतमुनींनी म्हटलंच आहे, "यतो हस्तस्ततो दृष्टिः, यतो दृष्टिस्ततो मनः".

भास्करभट
अरमंडीताई, बाकी सगळं मान्य, पण हा श्लोक भरतमुनींच्या नावावर घालू नका. तो नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पणा'तला आहे. क्लासच्या भिंतीवर कुणीतरी "नाट्यशास्त्र" लिहून ठेवतं आणि मग पिढ्यानपिढ्या तेच चालतं. असंयुत हस्तांचंही, म्हणजे एका हाताच्या मुद्रांचंही, तसंच. नाट्यशास्त्रात चोवीस, अभिनयदर्पणात अठ्ठावीस. पोरं म्हणतात तो "पताकस्त्रिपताकोऽर्धपताकः" दुसऱ्या यादीतला.

आणखी एक. "नवरस" हे सगळ्यांच्या तोंडी असतं, पण भरताने रस आठच सांगितले. शांत हा नववा पुढे धरला गेला, अभिनवगुप्ताने त्याची बाजू जोरात मांडली.

दिडकी
आली पहिली विकेट.

अरमंडी
विकेट वगैरे काही नाही. श्लोक कुणाचाही असो, हात जातो तिथे नजर गेलीच पाहिजे. वर्गात रोज घसा कोरडा करते त्यावर.

सतरावी_मात्रा
मी पक्का नृत्तवाला. खुर्चीराव, तुमच्या बाजूने एक मत.

ज्यांना "त्यात काय एवढं" वाटतं त्यांच्यासाठी हिशोब. तीनताल सोळा मात्रांचा. तिहाई म्हणजे एक बोल तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचा शेवट समेवर यायला हवा. समेवरून उठलात तर सोळा मात्रा भरून सतरावीवर पोचायचं, तीच पुढची सम. आता सतराला तीनने भाग जात नाही. मग काय करायचं? पाच मात्रांचा बोल, एक मात्रा दम, पुन्हा पाच, दम, पुन्हा पाच. ५+१+५+१+५ = १७. किंवा तीन मात्रांचा बोल आणि मध्ये चार-चार मात्रा थांबा, तेही सतराच. बेदम हवी, म्हणजे मध्ये श्वासच घ्यायचा नाही, तर दोन आवर्तनं घ्या. अकरा मात्रांचा बोल तीनदा, तेहेतीस, आणि तेहेतिसावी पुन्हा सम.

हे एकदा डोक्यात बसलं की नर्तक पढंत करताना हाताने ताल धरून बोल का म्हणून दाखवतो ते कळतं. तो आधी गणित सांगतो आणि मग ते पायाने सोडवतो. अभिनयात असं पडताळून बघता येतं का काही?

शंकासुर
मला शाळेतसुद्धा बेरीज आवडायची नाही. मी अभिनयाच्या बाजूने.

तंजावरी_सांबार
भाषेच्या तक्रारीवर बोलतो. खुर्चीराव, तुम्हाला समजेल अशा भाषेतलं साहित्य आहे की! तेही थेट तंजावरातलं.

आज भरतनाट्यमचा जो मार्गम् आपण बघतो, म्हणजे अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् (संथ, अभिनयाची रचना), जावळी (हलकंफुलकं शृंगारगीत), तिल्लाना ही चढण, ती बांधली चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चौघा भावांनी. 'तंजावर चौकडी' म्हणतात ते हेच. आणि ते होते तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात. त्यातले सरफोजी राजे दुसरे (गादीवर १७९८ ते १८३२) यांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत निरूपणं रचली. एकाच कथासूत्रात ओवलेली लांबच लांब नृत्यरचना, आणि साहित्य सगळं मराठी. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या या ठेव्यावर मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रचना रंगमंचावर आणल्या. सुचेताताईंनी पुढे हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम बांधण्याचा 'नृत्यगंगा' प्रयोगही केला.

महाराष्ट्राबाहेर मराठीवर भरतनाट्यम झालं याचा आपल्याला पत्ताच नसतो. आपण सांबारावरून भांडतो.

कोपऱ्यातली_खुर्ची
हे मराठी निरूपणांचं खरंच माहीत नव्हतं, शोधतो. पण सांबारसाहेब, भाषा कळली तरी मजकूर तोच ना? नायिका रुसलेलीच.

रसाळ_फणस
अहो नायिका आठ आहेत, आठ! वासकसज्जा, विरहोत्कंठिता, अभिसारिका, विप्रलब्धा, खंडिता, कलहांतरिता, प्रोषितभर्तृका आणि स्वाधीनभर्तृका. हिशोब केलात तर आठांत खुशीत एकटी स्वाधीनभर्तृका. एक नटूनथटून वाट बघतेय, एक स्वतःच पावसात निघालीय, उरलेल्या पाचजणींचे नवरे किंवा यार या ना त्या कारणाने गायब. शास्त्रकारांना पुरुषांची चांगली पारख होती एवढंच म्हणतो.

निशिगंधा७
फणसराव, +१. खंडितेचं पद एकदा नीट बघा. तो सकाळी उगवतो, गळ्यात कुणाच्या तरी हाराचे वळ, डोळे तांबारलेले, आणि ती त्याला बसायला पाट देते. आधी पाट, मग टोमणा. हे "आपल्या जगण्यात नाही"? खुर्चीराव, तुमच्या पत्नीला हा धागा दाखवला आहे का?

कोपऱ्यातली_खुर्ची
धागा तिनेच टंकायला लावलाय. मी तिच्या छळाला कंटाळून मत मांडतोय.

मूकवाचक_होतो
इतकी वर्षं फक्त वाचत होतो, पण इथे लिहायला हवं असं वाटलं.

नायिकेची तगमग जुनी वाटते, कृत्रिम वाटते, याचं एक कारण इतिहासात आहे. ही पदं ज्यांनी जपली त्या बायका देवदासी परंपरेतल्या होत्या. तेव्हा या नाचाला सदिर म्हणत. त्यांच्या गळ्यात पद, अंगात पद. मग विसाव्या शतकात सुधारणेची लाट आली. मद्रास इलाख्यात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींनी देवदासी प्रथेविरुद्ध लढा दिला, १९४७मध्ये कायदा झाला. प्रथेतलं शोषण खरं होतं, ते संपायलाच हवं होतं, यावर वाद नाही. पण त्याच काळात तोच नाच उच्चवर्णीय घरांत गेला, नवं नाव घेऊन, नव्या वेशात. १९३६मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र काढलं. शृंगाराला भक्तीचं सोवळं नेसवलं गेलं. जावळ्या आणि धीट पदं मागे पडली.

याला सर्वांत स्पष्ट विरोध केला तो बालासरस्वतींनी. त्या त्याच परंपरेतल्या, प्रसिद्ध वीणावादक वीणा धनम्माळची नात. त्यांचं म्हणणं होतं की शृंगार हाच या नाचाचा कळस आहे आणि तो शुद्ध करायची गरजच नाही, कारण तो अशुद्ध नाही. १९७५च्या एका भाषणात त्यांनी मार्गमची तुलना देवळाशी केली. अलारिप्पु हे गोपुर, पुढे मंडप ओलांडत जायचं, आणि गाभारा कुठे? पदम्. जिथे पाय जवळजवळ थांबतात आणि नुसता अभिनय उरतो तिथे.

तेव्हा खुर्चीराव, तुम्ही गोपुर बघून परत फिरताय. त्यात तुमचाही फार दोष नाही. आजच्या बऱ्याच कार्यक्रमांत गाभाऱ्याला कुलूप असतं. नायिकेला नेमकं काय हवंय ते नर्तकीला लहानपणी कुणी सांगितलेलंच नसतं.

अरमंडी
मूकवाचक, तुमच्या पहिल्या प्रतिसादाला सलाम, पण चित्र एकरंगी झालंय. रुक्मिणीदेवी शिकल्या त्या पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिल्लैंकडे, म्हणजे त्याच परंपरेतल्या नट्टुवनारांकडे (नृत्यगुरूंकडे). रंगमंचाची शिस्त, प्रकाश, वादकांची बैठक, वेशाची बांधणी, आज ज्याला आपण नीटनेटका कार्यक्रम म्हणतो त्यातलं पुष्कळ त्यांच्यामुळे. माझ्यासारखी मध्यमवर्गीय घरातली मुलगी हे शिकू शकली तीही त्यामुळेच. बालाम्मा थोर होत्या, पण त्यांचं नाव घेऊन कलाक्षेत्राला झोडपायची अलीकडे फॅशन झालीय.

मूकवाचक_होतो
फॅशन नाही, हिशोब आहे. तुम्हाला दार उघडलं हे खरं. ज्यांचं घर होतं त्यांच्या मुलींसाठी ते त्याच काळात बंद झालं, हेही खरं.

अरमंडी
यावर माझं-तुमचं जमणार नाही. पण पदं शिकवायला हवीत यावर जमेल. चेन्नईत कलानिधी नारायणन यांनी १९७३नंतर तेच केलं. लग्नानंतर तीसेक वर्षं नाचापासून दूर राहून परत आल्या आणि शिकवला फक्त अभिनय. अडवू (पायाभूत पदन्यास) पक्के असलेल्या मोठमोठ्या नर्तकी त्यांच्याकडे पदं शिकायला जायच्या.

आईची_ड्युटी
मूकवाचक म्हणतात ते मी घरी बघतेय. लेक गांधर्वच्या परीक्षा देते, मध्यमा पूर्ण झाली. मुद्रा श्लोकासकट तोंडपाठ, विनियोग (कुठली मुद्रा कशासाठी ते) तोंडपाठ, तालाची लिपी झोपेतून उठवून विचारा. पण "यशोदा कृष्णाला का रागावली असेल गं?" विचारलं तर म्हणते, "आई, ते सिलॅबसमध्ये नाही." बाराखडी घोटून झाली, वाक्य मात्र बोलता येत नाही. दहावीच्या वाढीव गुणांसाठी वर्ग भरतात हे आणखी वेगळंच.

शंकासुर
यशोदा रागावली कारण पोराने माती खाल्ली. सिलॅबस बदला.

चुट्टीवाला
अवांतर होईल पण राहवत नाही. अभिनय लांबतो म्हणणाऱ्यांनी केरळात एकदा रात्र काढावी. कुटियाट्टममध्ये, म्हणजे तिथल्या संस्कृत नाट्यात, नाटकाचा एक अंक कित्येक रात्री चालतो. एका श्लोकाचा विस्तार करता करता पात्र मागच्या कथेत शिरतं, तिथून आणखी मागे. कथकळीत तर नट बोलतच नाही, मागे उभे दोन गायक पद म्हणतात आणि तो हातांनी, भुवयांनी, गालांनी उत्तर देतो. हिरवा चेहरा म्हणजे पच्च, धीरोदात्त. रावणासारखी गर्विष्ठ पात्रं म्हणजे कत्ती. पापणीखाली चुंडप्पूची बी ठेवून डोळे लालबुंद करतात, म्हणजे दिव्याच्या उजेडात बुबुळांची हालचाल दिसावी. कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३०मध्ये कलामंडलम् हे कथकळीचं विद्यालय उभं केलं नसतं तर हे आपल्यापर्यंत कितपत आलं असतं, देव जाणे.

सतरावी मात्रा विचारत होते की अभिनय पडताळता येतो का. डोळ्यांचा व्यायाम करणाऱ्या कलामंडलमच्या मुलांना विचारा. तिथे बुबुळाचीसुद्धा लय असते, पहिला, दुसरा, तिसरा काळ, म्हणजे वेग.

इंफाळची_आठवण
आणि ज्यांना चेहऱ्यावरचे हावभाव "जरा जास्तच" वाटतात त्यांनी मणिपुरी बघावं. रासात गोपींचा चेहरा झिरझिरीत ओढणीमागे, नजर खाली, पायात घुंगरू नाहीत, पाऊल आवाज न करता टेकतं. खाली तो कडक गोल पोतलोई घागरा. मग अभिनय कुठे असतो? मनगटात, मानेच्या कलण्यात, दोघींच्या मधल्या अंतरात. राजर्षी भाग्यचंद्रांनी १७७९मध्ये पहिला महारास करवला. रास तिथे देवळाच्या मंडपात होतो, आणि बघणारे लोक बघता बघता रडतात. मुंबईत झवेरी भगिनींनी गुरू बिपिन सिंहांकडे हे शिकून आयुष्यभर पोचवलं.

सतरावी_मात्रा
चुट्टीवाले, बुबुळांचा मुद्दा घेतला. माझ्याकडून अर्धा गुण अभिनयाला.

एक बघितलेलं सांगतो. कथकच्या गतभावात नर्तक एकटाच कृष्ण, राधा, सखी सगळं होतो. पात्र बदलताना एक पलटा घेतो, म्हणजे अर्धी गिरकी. गिरकीत शिरताना खडा मारणारा कृष्ण, बाहेर पडताना घागर सावरणारी राधा. आणि हे सगळं लेहऱ्यावर (साथीच्या फिरत्या सुरावटीवर), तालात. बिरजू महाराज हे करायचे तेव्हा पलटा कधी झाला ते कळायचं नाही, समोर दुसरंच माणूस उभं असायचं. पलटा चुकवला तर आख्खी गोष्ट चुकते, मग कंटाळा येणारच.

निशिगंधा७
यात आणखी एक. ओडिसीचे केलुचरण महापात्र लहानपणी गोटिपुआ, म्हणजे मुलीच्या वेशात नाचणारा मुलगा, म्हणून नाचलेले. उतारवयात, डोक्यावर टक्कल, उघड्या अंगावर उपरणं, आणि जयदेवाच्या अष्टपदीत राधा व्हायचे. पाच मिनिटांत तो म्हातारा माणूस दिसेनासा व्हायचा. वेश नाही, दागिने नाहीत. आहार्य शून्य, सात्त्विक शंभर टक्के. कुचिपुडीत वेदांतम् सत्यनारायण शर्मांची सत्यभामा तशीच गाजलेली, फक्त ते पूर्ण स्त्रीवेशात.

लावणीबाज
एवढा वेळ गप्प होतो. सगळा देश फिरलात, आता घरी या.

एका ओळीवर पंधरा अर्थ काढायचे, बसल्या जागेवरून, नुसत्या नजरेने, पदराने, बोटांनी. हे बैठकीच्या लावणीत होत नाही का? अदाकारी म्हणजे संचारीच की. यमुनाबाई वाईकरांची बैठक ज्यांनी ऐकली-पाहिली त्यांना विचारा. ओळ एकच, आणि दर वेळी ती वेगळ्या बाईने म्हटल्यासारखी. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर. मग ठुमरीवरचा भाव "शास्त्रीय" आणि लावणीवरची अदा "लोककला", हे ठरवतं कोण?

भास्करभट
ठरवते संगीत नाटक अकादमी, असं रूढ उत्तर आहे. त्यांच्या यादीत आठ: भरतनाट्यम, कथक, कथकळी, कुचिपुडी, ओडिसी, मणिपुरी, मोहिनीअट्टम आणि सत्रिय. सत्रिय आसामच्या सत्रांमधलं (वैष्णव मठांमधलं), शंकरदेवांपासून चालत आलेलं, पण यादीत आलं २०००मध्ये. संस्कृती मंत्रालय छाऊही धरतं, म्हणून कुणी आठ म्हणतं, कुणी नऊ.

पण यादी म्हणजे शास्त्र नव्हे. लावणीला ताल आहे, राग आहेत, अदाकारीचे संकेत आहेत. अडवू किंवा हस्तांसारखी नावं दिलेली, ग्रंथात बांधलेली पद्धत नाही, असा आक्षेप घेता येईल.

लावणीबाज
ग्रंथ लिहिणारे फडावर आले नाहीत, त्याला फड काय करणार? ओडिसीसुद्धा महारी (देवळातल्या नर्तकी) आणि गोटिपुआंकडून गोळा करून १९५०च्या दशकाच्या शेवटी गुरुमंडळींनी एकत्र बसून बांधलं. बसा की इथेही कुणीतरी.

मूकवाचक_होतो
लावणीबाज, शंभर टक्के सहमत. पण बांधायला बसणारे कोण असतील आणि फडावरच्या बायका त्या खोलीत असतील का, हे आधी विचारा. सदिरचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

कोपऱ्यातली_खुर्ची
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल रात्री निशिगंधा७ यांच्या सांगण्यावरून केलुबाबूंची जुनी चित्रफीत बघितली, आधी अष्टपदीचा अर्थ वाचून. अर्थ आधी माहीत असल्याने फरक पडला, खूप पडला. सतरावी मात्रा म्हणाले तो पलटाही शोधून शोधून बघितला. दोनदा दिसला, बाकी वेळा सौ.ने कोपर मारून दाखवला.

लांबीबद्दल माझं मत बदललेलं नाही. पाऊण तास जास्तच आहे. पण एक प्रश्न. कार्यक्रमात मागच्या पडद्यावर ओळींचा मराठी अर्थ का दाखवत नाहीत?

अरमंडी
दाखवून पाहिलंय. सगळे पडदा वाचत बसतात आणि नर्तकी संपते तेव्हा वर बघतात. मी आता निवेदन स्वतः करते. ओळ म्हणते, दोन-तीन मुद्रा हाताने दाखवते, मग नाचते. माझ्यापुरतं हे जमलं.

चुट्टीवाला
केरळात हा प्रश्नच नाही, गोष्ट सगळ्यांना आधीच माहीत असते. बघायचं असतं ते हा नट ती कशी सांगतो.

आईची_ड्युटी
अरमंडीताई, पुण्यात आहात का? लेकीला पाठवायचं आहे. परीक्षेसाठी नाही.

अरमंडी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

सतरावी_मात्रा
जाता जाता, अजून कुणीही झपतालातली तिहाई विचारलेली नाही. दहा मात्रा, समेवरून उठायचं. सोडवा.

दिडकी
अकरा हवेत. तीन, एक, तीन, एक, तीन. कोण म्हणतं मी फक्त पॉपकॉर्न खाते?

लावणीबाज
मंडळी, लावणीचा वेगळा धागा काढतोय. भास्करभट, ग्रंथ घेऊन या. मूकवाचक, तुम्ही तर याच.

भास्करभट
येतो. पण पहिला प्रतिसाद माझा नको, नाहीतर पुन्हा विकेट म्हणतील.